कजलियांची कोशिंबीर

आता कुठल्या तोंडाने सांगू? पण चहा संपेपर्यंत तुम्ही काही सोडणार नाही, तर ऐकाच. मी झाशीत एक अख्खा सण कापून, दह्यात कालवून खाल्ला!

झालं असं, बदली होऊन झाशीला आलो आणि मला मायक्रोग्रीन्सचं वेड लागलं. मोहरी, मेथी, मुळा ट्रेमध्ये दाटीनं पेरायचे आणि बोटभर वाढले की कात्रीने कापून खायचे. खिडकीत ट्रे, फ्रिजच्या डोक्यावर ट्रे, शिलाई मशीनवर ट्रे! बायको म्हणायची, "आता माझ्या डोक्यावरही पेरा."

श्रावणात शेजारच्या भाभीजी पानांचे दोन मोठे द्रोण घेऊन आल्या. आत माती आणि गव्हाचे नुकते फुटलेले कोंब.

"भाईसाब, आपका हाथ अच्छा है. जे हमारी कजलियाँ तनक अँधेरे में धर लो, पानी देत रहियो. हम राखी पे मायके जा रए. लौट के जिठानी को देनी हैं."

जिठानी म्हणजे त्यांच्या थोरल्या जाऊबाई. समोरच्याच घरात राहायच्या, पण कुठल्याशा लग्नातल्या मानपानावरून दोघींचं बोलणं कित्येक वर्षं बंद. तरी त्यांना पौष्टिक काही खायला द्यायचं म्हणतात! माझा ऊर भरून आला. शिवाय गल्लीत मला पहिली शिष्या मिळाली होती ना!

पण अंधारात? छे! कोंब पिवळे पडले की हो. शिष्येची चूक गुरूने नाही सुधारायची तर कुणी? द्रोण उचलले आणि थेट गच्चीत ठेवले. हिरवेगार झाले!

बायको म्हणाली, "अहो, हे घटाच्या धानासारखं दिसतंय. उगाच हात लावू नका."

"नवरात्र कुठे आलंय अजून? व्हीटग्रास आहे ते. तुला नाही कळायचं."

राखीच्या दुसऱ्या दिवशी भाभीजी परतणार होत्या. म्हटलं, सगळं तयारच करून द्यावं. कोंब कापले, दही घातलं, दाण्याचं कूट घातलं, वर हिंगाची चुरचुरीत फोडणी. चव बघता बघता अर्धी कोशिंबीर मीच संपवली. उरलेली वाटी घेऊन संध्याकाळी त्यांच्या दारात हजर.

भाभीजी नवी साडी नेसून वाटच बघत होत्या. "कजलियाँ लाए?"

"बिलकुल तैयार!" मी झाकण काढलं.

"हाय दैया! भाईसाब, आपने हमारी कजलियाँ बघार दईं?"

कजलियांना फोडणी दिलेली पाहून त्या रडायलाच लागल्या! मग कळलं. बुंदेलखंडात राखीच्या दुसऱ्या दिवशी हे पिवळे कोंब एकमेकांना द्यायचे, कानावर खोचायचे आणि झालंगेलं विसरायचं. मोठ्या मुश्किलीनं त्यांनी मन तयार केलं होतं. आजचा दिवस हुकला की पुन्हा वर्षभर अबोला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी वाटी घेऊन मीच समोर गेलो. जिठानीजींना सगळं सांगितलं, हात जोडले. मागून भाभीजी डोळे पुसत आल्या, पण उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

जिठानीजींनी वाटीत पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग दह्यातले चिमूटभर कोंब उचलले आणि सरळ भाभीजींच्या कानावर खोचले! दही गालावरून ओघळलं आणि दोघी जावा जे हसत सुटल्या, विचारू नका. हसता हसता गळ्यातच पडल्या.

"जिज्जी, जो आदमी तो पूरो पागल है!" भाभीजी म्हणाल्या.

"हओ बिन्नू, पूरो पागल!" थोरलीने धाकट्या बहिणीला म्हणावं तशा लाडाने री ओढली.

इतक्या वर्षांत दोघींचं पहिल्यांदा कशावर तरी एकमत झालं होतं. मी मान डोलावून तिसरं मत दिलं.