पळसदेवची वाफ

बारामतीत उतरलो तेव्हा सभागृहाबाहेर 'सुगंधक्रांती' असा फलक लागला होता. क्रांती दहाला व्हायची होती. प्रमुख पाहुणे पावणेबाराला आले. मग समई, शाली, नारळ आणि तीन भाषणं. सुगंधी वनस्पतींतून तेल काढायच्या पद्धती शेवटच्या वीस मिनिटांत उरकल्या. संत्र्याच्या सालीतून दाबून, नाजूक फुलांतून रसायनात भिजवून आणि पाल्यातून वाफेनं. पडद्यावरच्या आकृतीत सगळे बाण निमूट योग्य दिशेनं चालले होते. शेजारच्या बाई मात्र हसत होत्या.

"बाण ऐकत्यात," त्या म्हणाल्या. "वाफ ऐकत न्हाय. उद्या आमची भट्टी हाय पळसदेवला. या बगायला."

या मंगलताई. यजमान इंदापुरात शिक्षक. शेती त्या आणि दीर प्रकाशराव पाहतात.

दुसऱ्या दिवशी एसटीनं भिगवण, तिथून दुसरी गाडी. खिडकीतून ऊस, पुन्हा ऊस आणि मग अचानक उजनीचं फुगवट्याचं पाणी (धरणामागं पसरलेलं). उन्हाळ्यानं ते बरंच मागं सरलं होतं आणि जुन्या देवळाचं शिखर बाहेर आलं होतं.

"जय भीम, दादा. आदी जेवा," मंगलताईंनी दारातच सांगितलं. ज्वारीची भाकरी आणि चिलापीचं (धरणातला मासा) कालवण. मी दोनदा वाढून घेतलं आणि तिसऱ्यांदा नाही म्हणालो, ते अजून सलतं.

शेडच्या मागं जिरेनियम उभं होतं. पान बोटांत चुरडलं की गुलाबाचा वास. अर्धा एकर ऊस मोडून मंगलताईंनी ते लावलं होतं आणि ही पहिलीच कापणी.

"गावात मला इचारत्यात, वैनीचं सेंट कधी मिळायचं," प्रकाशराव म्हणाले.

"तेल निगू द्या, मग बोला, भाऊजी."

दोघांचा करार साधा होता. तेल चांगलं निघालं तर जिरेनियम राहील. करपट निघालं तर अर्ध्या एकरात पुन्हा ऊस.

टाकीत पाला ठासला होता. खालून वाफ सोडायची. ती पाल्यातलं तेल घेऊन नळीत शिरते. नळीचं वेटोळं गार पाण्याच्या पिंपात बुडवलेलं असतं. तिथं वाफेचं पाणी होतं आणि तेल त्याच्यावर तरंगतं. पिंपात सतत गार पाणी हवं, म्हणून दूर धरणाच्या काठावर मोटर बसवलेली. भट्टीत जळत होतं मागच्या वर्षीच्या उसाचं पाचट. काचेच्या भांड्यात फिकट पिवळा थर जमू लागला. मी बाकावर बसून निष्क्रियपणे पाहत होतो. या कामात माझा हातखंडा आहे.

तासाभरानं शेडभर दरवळ पसरला. मी मनापासून म्हणालो, "ताई, काय सुंदर वास सुटलाय!"

मंगलताई ताडकन उठल्या. "सुटलाय? कुठं?"

"इथं. सगळीकडं."

त्यांनी पिंपात हात घातला आणि झटकन काढला. "आगं बया, पाणी कडत झालं! भाऊजी, लाईट गेली! मोटर बंद हाय!"

कुणालाच कळलं नव्हतं. मोटर दूर, भट्टीची घरघर मोठी आणि सकाळपासून त्या वासात राहून दोघांची नाकं मेलेली. मी जे हुंगत होतो ते भांड्यात असायला हवं होतं. वाफ गार न होता तशीच बाहेर पडत होती. भट्टी पुरती विझवणंही शक्य नव्हतं. अर्धवट शिजलेला पाला उद्यापर्यंत टिकत नाही.

मंगलताईंनी जाळ ओढून मंद केला. प्रकाशराव ट्रॅक्टर घेऊन काठाकडे सुटले आणि फवारणीची टाकी भरून आले.

"अहो, औषधाची टाकी! तेलाला वास लागेल," मी म्हणालो.

"पाणी नळीच्या भाईर ऱ्हातंय, दादा," मंगलताई म्हणाल्या. "काल तितं झोपलावता काय?"

कढत पाणी खालून सोडायचं, गार वरून ओतायचं. टाकीच्या तीन खेपा झाल्या. मी बादल्या उचलल्या. त्यातली एक माझ्याच बुटांत गेली. हळूहळू दरवळ विरला आणि थेंब पुन्हा गार पडू लागले.

अखेर तेल वेगळं काढलं. जमायला हवं त्याहून थोडं कमीच. मंगलताईंनी कागदाच्या पट्टीवर थेंब घेतला आणि स्वतः न हुंगता दिरांपुढं धरला. "तुमी काठावरनं खेपा करून आलाय, तुमचं नाक ताजं. तुमीच सांगा."

प्रकाशरावांनी हुंगलं. शेडबाहेर जाऊन पुन्हा हुंगलं. परत आले.

"करपट न्हाय," ते म्हणाले. मग पट्टी परत देत, "वैनी, ह्याची रोपं कुठं मिळत्यात?"

"का? तुमालाबी सेंट पायजे?"

"वरचं अर्दं एकर मोकळंच हाय."

मंगलताई पदरानं तोंड पुसू लागल्या, त्या बराच वेळ पुसतच राहिल्या.

निघताना मी आभार मानू लागलो, तर त्यांनी मलाच थांबवलं. "तुमी बोलला नसता तर समदं हवेत गेलं असतं."

परतीच्या गाडीत ओले बूट काढून बसलो. पाहुणा म्हणून मी आजवर पुष्कळ ठिकाणी पुष्कळ गोष्टींचं कौतुक केलं आहे, बहुतेक वेळा नुसती रीत म्हणून. त्यानं कुणाचं काही वाचलं, असं मात्र पहिल्यांदाच घडलं. त्या घराचा मी ऋणी आहे.