हे गेलं तर?

दवाखान्यात कुठलीही नवी वस्तू आली की कौतुकाआधी एक्स-रे अक्कांचा प्रश्न येई, "हे गेलं तर?" इन्व्हर्टर आला, हाच प्रश्न. पाण्याचा पंप आला, हाच प्रश्न. मी कामाला लागले त्या दिवशी त्यांनी माझ्याकडेही तसंच निरखून बघितलं. फक्त विचारलं काही नाही. देशपांडे नगरातलं ते छोटं एक्स-रे केंद्र त्यांचं. त्या डॉक्टर, पण सारी गल्ली त्यांना अक्काच म्हणे. बाकीची सगळी व्यवस्था माझ्याकडे.

पेशंटचा नवा एक्स-रे फोटो त्या कधी एकटा बघत नसत. जुना डाव्या पडद्यावर, नवा उजव्या. "एकटा फोटो गप्प बसतो गं. शेजारी कुणी असलं की बोलतो." त्यासाठी कॉम्प्युटरला दोन मॉनिटर होते, दोन्ही आतल्या ग्राफिक्स कार्डाला, म्हणजे पडद्यांना चित्र पुरवणाऱ्या पट्टीला, जोडलेले.

तो कॉम्प्युटर बसवताना दुकानातल्या माणसाने मागच्या दोन पोर्टांवर काळ्या टोप्या चढवल्या.

"हे काय?" अक्का.

"मदरबोर्डचे पोर्ट, मॅडम. कार्ड आहे म्हटल्यावर लागत नाहीत. चुकून कुणी केबल घालू नये म्हणून टोप्या."

"आणि कार्ड गेलं तर?"

तो हसला. "तर ते काढून केबल इथं लावायच्या. पण त्याला प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स पाहिजे. ह्याच्यात नाही."

"मग ज्याच्यात आहे तो घाला."

बिचारा पेटी उचलून परत दुकानात गेला.

कार्ड गेलं ते पुढे एका सोमवारी, भर गर्दीत. दोन्ही पडदे काळे. बाकावर नवा फोटो काढून बसलेली कलघटगीची एक कन्नड बाई होती. आदल्या वर्षी तिच्या फुप्फुसावर ठिपका दिसला होता. तो वाढला असेल तर मोठ्या इस्पितळात सुई घालून तपासणी. नसेल तर सरळ घरी. तिने पदर तोंडाला घट्ट धरला होता. मी दुकानात फोन केला. माणूस दुसऱ्या दिवशी येणार होता.

"अक्का, हिला उद्या बोलवू?"

"आणि आज रात्री ती झोपेल? मंगल, वीज बंद कर. स्क्रू ड्रायव्हर आण."

साडीचा पदर खोचून अक्का टेबलामागे बसल्या. कार्ड काढलं, टोप्या काढल्या, दोन्ही केबल मदरबोर्डला लावल्या. पडदे उजळले, पण दोन्हींवर एकच चित्र. "आरसा नको बाबा मला, शेजारी पाहिजे," असं कॉम्प्युटरलाच सुनावत त्यांनी सेटिंग बदललं. मग डावीकडे जुना फोटो आला, उजवीकडे नवा.

अक्का बराच वेळ बघत राहिल्या. मग वळून म्हणाल्या, "इद्दंग ऐतिव्वा." आहे तसाच आहे. त्या बाईने अक्कांचे धुळीने माखलेले हात कपाळाला लावले.

केंद्र एका तरुण डॉक्टरांकडे सोपवून अक्का मुलाकडे म्हैसूरला निघाल्या, तेव्हा किल्ल्या हातात घेत मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला, "अक्का, आणि तुम्ही गेलात तर?"

"ते मी तुला कामावर घेताना बघून ठेवलंय," त्या म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

नवे डॉक्टर चांगले आहेत, जरा घाईचे. ते खुर्चीत बसायच्या आत मी डाव्या पडद्यावर जुना फोटो लावून ठेवते.