जीपचा दगड

काल सूनबाईची नवी गाडी दारात आली. पूजेचं सामान काढताना फडताळातला जुना दगड हाताला लागला. त्याला अजून डिझेलचा वास आहे, असं मला तरी वाटतं.

आमच्या जुन्या जीपचा हँडब्रेक चढावर धरत नसे. म्हणून पुढं बसणाऱ्यानं हा दगड मांडीवर घ्यायचा आणि वेळ आली की उडी मारून चाकामागं लावायचा. ते काम सासूबाईंचं. लग्नानंतर राजूरच्या गणपतीला निघालो, तेव्हा त्या मागं बसल्या आणि दगड माझ्या मांडीवर दिला.

ऐन चढावर इंजिन बंद पडलं. जीप मागं सरकायला लागली.

"जल्दी, सूनबाई!" स्टिअरिंगवरून सासरे ओरडले.

शालू खोचून मी उडी मारली, दगड चाकामागं सारला. जीप थांबली.

"बराबर लावला!" सासूबाई टाळ्या पिटत हसल्या. "म्या पयल्या वक्ती चाकाच्या पुढून लावला व्हता!"

पुन्हा सुरू झालेली जीप मात्र वर पोचेपर्यंत थांबत नसे, म्हणून ती मला मागं ठेवूनच पुढं गेली. नव्या शालूत, लेकरासारखा दगड कडेवर घेऊन, मी हसत देवळापर्यंत चालत गेले.

काल हे सगळं सूनबाईला सांगितलं. ती खळखळून हसली. मग तिनं दगडाला कुंकू लावलं आणि तो नव्या गाडीत आपल्याच सीटशेजारी ठेवला.