भेटीची नोंद

आमच्या कार्यालयात त्यांना सगळे नकोकाका म्हणायचे. सभागृहातले निवडून आलेले सभासद आणि त्यांचे कर्मचारी नीट वागतात की नाही, हे पाहणारं आमचं स्वतंत्र कार्यालय. काका तिथले तपासनीस. सभासदाने चहा विचारला, नको. गाडीतून सोडू का, नको. लिफ्टमध्ये एखादा सभासद शिरला की काका चार मजले पायऱ्यांनी चढायचे आणि वर येऊन धापा टाकत माझ्यावरच डाफरायचे. मला त्यांचा रागच यायचा. इतकं कडक राहून माणसाने जगायचं तरी कसं?

नियम त्यांनीच लिहिला होता: सभासद किंवा त्याच्याकडचं माणूस कुठेही भेटलं, तरी कामाच्या पुढच्या दिवशी वहीत नोंद करायची. ठिकाण, वेळ, बोलण्याचा विषय. वही कार्यालयाच्या दारातल्या खिडकीवर, माझ्या ताब्यात. सही करून कोणीही वाचावी.

काकांना बायको नाही, मूल नाही. होती एक भाची, आईवेगळी, त्यांनीच वाढवलेली. तिला एका सभासदाच्या कार्यालयात नोकरी लागली. दर रविवारी ती मामाकडे यायची आणि सोमवारी मामा लिहायचे, "घरी. चार ते सहा. विषय: माझी पाठदुखी." आम्ही पोट धरून हसायचो. मग एका सोमवारी त्यांनी लिहिलं, "विषय: तिचं ठरलेलं लग्न मोडलं. ती रडली."

नुसतं 'घरगुती' लिहिलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं? पण काकांना हातचं राखून लिहिता येत नसे. कोणीतरी ते वाचलं आणि तिच्या कार्यालयात ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. तिने फोनवर एवढंच म्हटलं, "मामा, मी तुमच्याजवळ रडले होते, वहीजवळ नाही." त्यानंतर ती आली नाही.

वहीतले रविवार मात्र चालूच राहिले. "घरी. चार ते सहा. भेट नाही." न झालेली भेट लिहा, असं नियमात कुठेही नाही. दोन वर्षं हे चाललं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तुला काय करायचंय? तू खिडकी सांभाळ."

वही कोण वाचतं हे तपासनिसांना सांगायचं नसतं. पण त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी टेबल आवरायला मदत करताना मला राहवलं नाही.

"काका, मागच्या शुक्रवारी ती आली होती. वही वाचायला."

त्यांच्या हातातली फाइल हातातच राहिली. "किती वेळ होती?"

"तासभर. एकूण एक रविवार वाचला. मग डोळे पुसले आणि गेली."

फाइल खाली ठेवून त्यांनी विचारलं, "चहा तरी दिलास का तिला?"

"नाही. तुम्हीच शिकवलंत ना, सभासदाच्या माणसाकडून घ्यायचा नाही आणि त्याला द्यायचाही नाही."

"बरोबर केलंस," काका म्हणाले आणि खुर्चीत बसले. टेबल आवरायचं तसंच राहिलं.