पान लागलं

अंजनीबाईंना एकाच गोष्टीचा तोरा होता: त्यांच्या वर्गात पोरं बोलायची. आता पोरं कुठं बोलत नाहीत म्हणा! पण ती बोलणार घरी, गोठ्यात, ओढ्यावर. शाळेच्या पायरीशी आली की चपलेबरोबर जीभही बाहेर काढून ठेवायची. बाई बदलापूरजवळच्या चामटोली गावच्या शाळेत पहिल्यांदा आल्या तेव्हा दुसरीच्या वर्गात हजेरीला नुसत्या मुंड्या हलायच्या. "हजर" एवढा एक शब्द, पण तोही गिळून टाकायची.

बाई अंबरनाथ पूर्वेला राहायच्या. माहेर उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधलं. तिथं डावीकडे सिंधी, उजवीकडे सिंधी, रस्त्यावर हिंदी, आणि मराठी फक्त चुलीपाशी. म्हणून मराठी त्यांनी सणाच्या भांड्यासारखी घासूनपुसून जपलेली. पोरांनी "पानी" म्हटलं की बाईंच्या कपाळाला आठी. पण मनानं साखर. रिकाम्या आगपेट्यांना दोरा ओवून त्यांनी टेलिफोन केले होते. एकानं या टोकाला कुजबुजायचं, दुसऱ्यानं पेटी कानाला लावून ऐकायचं आणि काय ऐकलं ते वर्गाला सांगायचं. पोरं हसून हसून लोळायची आणि हसता हसता बोलायला लागायची.

अठ्ठ्याऐंशी साली तालुक्याला शिक्षकांचं शिबिर झालं. तिथून बाई एक नवा तक्ता करून आल्या आणि फळ्याशेजारी टांगला. आधी हात वर करायचा. नाव घेतलं की मगच बोलायचं. एका वेळी एकानंच. आणि बोलायचं ते पूर्ण वाक्यात.

हा तक्ता सगळ्यात जास्त कुणी मनावर घेतला असेल, तर वेणूनं. वेणू तुळशीची लेक, सात वर्षांची. आधी हिच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे खेकड्याच्या बिळात हात घालण्यासारखं. वर्षभरात अशी फुलली, की शाळेला पाहुणा आला की बाई हिलाच उभी करायच्या. एकदा तुळशी शाळेच्या कुडापाशी येऊन हसत म्हणाली,

"बाय, काय शिकवलंव गो हिला? घरान मी बोलाया लागलू, का मना सांगते, आये, आदी हात वर कर!"

बाई केवढ्या हसल्या. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, सासूला सांगितलं, शेजारणीला सांगितलं.

श्रावणातली गोष्ट. मधल्या सुट्टीत वेणू आईला भाकर द्यायला शेतावर गेली होती. सुट्टी संपली, घंटा झाली, बाईंनी गोष्ट सांगायला घेतली, ती संपतही आली. बघतात तर दारात वेणू. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, छाती धपापतेय. आणि हात वर. सरळ, ताठ, तक्त्यात लिहिला होता तसा.

बाईंना कौतुक वाटलं. बघा, उशीर झाला तरी पोर शिस्त विसरली नाही. त्यांनी हातातली गोष्ट पुरी केली. दोन-चारच वाक्यं राहिली होती. तोवर वेणूचा हात वरच.

"हं, वेणू, बोल."

"बाय, आयेला पान लागला."

"पान? कसलं पान? झाडाचं की पुस्तकाचं?"

मागून पोरं एकदम उठली. "बाय! बाय! तिची आय—"

"एका वेळी एकानंच!" बाईंनी तक्त्याकडे बोट केलं. "बोट ओठांवर. वेणूला बोलू द्या. वेणू, घाबरू नकोस. पूर्ण वाक्यात सांग. आणि आये नाही म्हणायचं, आई."

पोरांची बोटं ओठांवर गेली. वेणूनं बाईंकडे बघितलं. डोळ्यांत पाणी उभं होतं, पण बाईंना ते धावण्याचं वाटलं. मग तिनं एकेक शब्द चिखलातून पाय उपसावा तसा काढला.

"माझ्या आईला... पान... लागलं आहे."

"शाब्बास!" बाई म्हणाल्या. "बघितलंत? किती छान बोलली! टाळ्या वाजवा तिच्यासाठी."

आणि पोरांनी, सांगितलं म्हणून, टाळ्या वाजवल्या.

शाळा झाडणारी सगुणाबाई व्हरांड्यात पाण्याचा हंडा ठेवत होती. तिनं ते वाक्य ऐकलं आणि हंडा तिथंच टाकला.

"अगो बाय, टाल्या काय पिटतेस! सरप चावला तिच्या आयेला!"

गावात सापाचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की तो ऐकतो आणि विष चढतं, असं म्हणतात. म्हणून चावला म्हणायचं नाही, पान लागलं म्हणायचं. हे गावात रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक. कॅम्प तीनमध्ये वाढलेल्या बाईंना कोण सांगणार? तिथं पान म्हणजे कोपऱ्यावरच्या गादीवर मिळतं ते.

तुळशीनं पोरीला धाडलं होतं ते शेजारच्या वर्गातल्या विष्णुपंत गुरुजींच्या फटफटीसाठी. गावात दुपारच्या वेळी तेवढंच एक वाहन. पण वेणू आपल्या वर्गाच्या दारात आली, कारण बोलायला तिला तिथंच शिकवलं होतं.

गुरुजींनी तुळशीला मागे बसवलं, सगुणाबाईनं तिला धरलं, आणि फटफटी बदलापूरकडे गेली. तिथून पुढे उल्हासनगरला. तुळशी वाचली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र कापावी लागली, आणि उरलेला पंजा वाळक्या शेंगेसारखा आखडून गेला.

किती वेळ गेला असेल दारात? पाच मिनिटं? सात? बाई कितीदा तरी मनातल्या मनात तो वर्ग पुन्हा घ्यायच्या. गोष्टीची चार वाक्यं, मग पान कसलं, मग बोट ओठांवर, मग टाळ्या. दर वेळी थोडा जास्तच वेळ लागायचा.

कुणी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. कुणी घातल्याच नाहीत. बाई तुळशीच्या दारी जाऊन रडल्या, तर तिनंच डाव्या हातानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"रडू नको गो बाय. तुला काय म्हाईत? तुमच्या गावान पान म्हंजे पानच."

आणि वेणू? वेणू शाळेत यायची. लिहायची, वाचायची मनातल्या मनात, पाटीवरची गणितं बिनचूक. पण तोंडाला कुलूप. बाईंनी तक्ता काढून माळ्यावर टाकला. हात वर करू नकोस, म्हणाल्या. अर्धं वाक्य बोल, शिवी दे, काहीही बोल. एका दुपारी आगपेटीचा टेलिफोन घेऊन दोघीच बसल्या. बाईंनी पेटी कानाला लावली, दोरा ताणला. पलीकडून श्वास ऐकू आला. नुसता श्वास, धावून आल्यासारखा. बाई ऐकत राहिल्या. शाळा सुटली, पोरं गेली, सगुणाबाई झाडू घेऊन आली आणि म्हणाली, "बाय, सोर आता तिला. घरान चुरचुर बोलते ती. तुझ्याच फुरं नाय."

घरी बोलते, फक्त आपल्यापुढंच नाही, हे ऐकून सुटल्यासारखं वाटावं की गळफास बसल्यासारखं, ते बाईंना ठरवता येईना. एकदा त्या मुद्दाम तुळशीच्या घराच्या कुडाआड थांबल्या. खरंच, आत वेणू कोंबड्यांना शिव्या घालत होती, आईला हसवत होती. बाईंनी पाऊल टाकलं, वाळकं पान वाजलं, आणि आवाज पुसल्यासारखा गेला.

चौथी झाली, वेणूची शाळा सुटली. पुढं बाईंची बदली बदलापुरात झाली. तिथंही त्यांच्या वर्गातली पोरं बोलायची, सगळी एकदम, बाजार भरल्यासारखी. दुसऱ्या शिक्षिका नाकं मुरडायच्या. "काय हो अंजनीबाई, वर्ग आहे की मासळीबाजार?" बाई म्हणायच्या, "असू दे." दारात कुणी मूल उभं दिसलं की हातातला खडू टाकून आधी त्याच्याकडे धावायच्या. बहुतेक वेळा त्याला लघवीला जायचं असायचं.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात बदलापूरच्या बाजारात त्यांना तो आवाज सापडला. "शेवला घ्या शेवला! रानातली, आजच काढलेली!" गोणपाटावर शेवळांच्या जुड्या, मागे तुळशी, आणि पुढे वेणू, कमरेला पदर खोचून एका गिऱ्हाइकाशी भांडत होती. "काकी, हात लावून लावून माझी भाजी तुमीच शिजवलीव!" सगळे हसले. बाई कांद्याच्या पोत्यांआड उभ्या होत्या, त्याही हसल्या. मग दर शनिवारी शाळा सुटली की त्या तिथं येऊन उभ्या राहू लागल्या. कांदेवाला वैतागला. "बाई, घ्यायचे नसतील तर सावली तरी सोडा."

एका शनिवारी धीर करून पुढं गेल्याच. वेणूनं वर बघितलं. तोंडात अर्धा शब्द होता, तो तिथंच राहिला.

"एक जुडी दे गं," बाई म्हणाल्या. आणखी काय काय म्हणायचं होतं, इतक्या वर्षांचं साठलेलं. पण तोंडातून निघालं ते असं, "मला करता येत नाही पण. घशाला खाजतात म्हणे."

वेणूनं जुडी ठेवली. मग बाजूच्या टोपलीतून मूठभर आंबट काकडं काढली, शेवळांची खाज मारायला घालतात ती, आणि न मागता जुडीवर ठेवली. बाई वाट बघत राहिल्या. वेणू खाली बघून पुढची जुडी बांधायला लागली.

"काकडा कुटून घाल गो बाय," मागून तुळशीच म्हणाली, "मंग नाय खाजत." आणि आखडलेल्या हातानं पिशवीचं तोंड धरलं.

बाई पुन्हा कांद्यांमागे गेल्या. थोड्या वेळानं आवाज सुरू झाला.