गल्लीच्या तोंडावरची रांगोळी

मांडवीजवळ आमची पोळ आहे, म्हणजे एकाच तोंडाची अरुंद गल्ली. आत शेवटी चौक. नवरात्रात तिथेच गरबा होतो.

माझ्या मुलीला दमा आहे. गाड्यांचा धूर नाकात गेला की तिची छाती वाजायला लागते. गेल्या वर्षी लोक स्कूटर थेट चौकापर्यंत आणायचे आणि गप्पा मारतानाही चालूच ठेवायचे. पोर दोन फेऱ्या नाचली की पायरीवर येऊन बसायची, पंप ओढायची आणि दुसऱ्या मुलींकडे बघत राहायची. डॉक्टर म्हणाले होते, "नाचू दे की तिला. फक्त धुरात नको."

यंदा तिने चार दिवस आधीच गरब्याची चनियाचोळी काढून तिच्यावरचे आरसे पुसून ठेवले.

"आई, तू सांग ना सगळ्यांना, गाड्या बाहेर ठेवा म्हणून."

मला चार माणसांत बोलता येत नाही, तोंडच उघडत नाही. हे म्हणाले, "मी सांगून पाहिलं. सगळे हो म्हणतात आणि आत घुसतात."

रांगोळी मात्र मला येते. पहिल्या संध्याकाळी मी रांगोळीचा डबा घेऊन गल्लीच्या तोंडाशी बसले. मधे देवीचा घट, बाजूंना कमळं आणि मोर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कडेला एक माणूस जाईल एवढीच वाट ठेवली.

पहिली स्कूटर आली ती आमच्या ह्यांचीच.

"अगं, मी कुठून जाऊ?"

"चालत," मी म्हटलं आणि मलाच हसू फुटलं.

मागून समोरच्या घरातले काका मोटरसायकल घेऊन आले. त्यांनी हॉर्न वाजवला. शेजारच्या मासी ओट्यावरून गुजरातीत ओरडल्या, "काका, माताजीनी रंगोळी पर टायर फेरवशो?"

"ना रे बेन, एवुं कराय?" काकांनी गाडी बंद केली आणि ढकलत मागे नेली. त्यांची गाडी बाहेर दिसली म्हणून पुढच्यानेही तिथेच लावली. बघता बघता बाहेर रांग लागली. एक-दोघे कुरकुरले, पण रांगोळीवर चाक कोणी घातलं नाही.

गरबा सुरू झाला. चौकात फक्त धुपाचा वास होता, धुपाटणंही मी मुलीपासून लांब ठेवायला लावलं. पंप माझ्या कमरेला खोचलेला. मी पायरीवर बसून तिच्या छातीकडेच बघत होते. ती एक फेरी नाचली, दुसरी नाचली, मग मी मोजणं सोडून दिलं. आरतीची वेळ झाली तरी ती थांबेना.

"पुरे गं आता, पाय दुखतील!"

"दुखू देत!" ती गिरकी घेता घेता ओरडली, आणि एवढं ओरडूनही तिला खोकला आला नाही.