पायरीवरची शेवंता

नोकरीतली कितीतरी प्रकरणं विसरलो, हे एक विसरता आलं नाही. चोरी नव्हती, मारामारी नव्हती. भांडण होतं एका नावावरून.

तेव्हा मी धारवाडला पोलीस ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. गावाच्या कडेला इंग्रजांच्या काळातला एक मोठा बंगला आहे. पुढे तो एका नामवंत चित्रकाराने घेतला आणि हयातभर तिथेच चित्रं काढली. आता तिथे ट्रस्टचं संग्रहालय आहे, लोक तिकीट काढून बघायला येतात. एका सकाळी ट्रस्टचे सचिव माझ्यापुढे येऊन बसले. दिवाणखान्यातल्या सर्वांत मोठ्या चित्राखाली कुणीतरी महिन्यात तिसऱ्यांदा कागद चिकटवला होता. चित्रात स्वयंपाकघराच्या पायरीवर सूप घेऊन बसलेली एक बाई आहे. ट्रस्टच्या पाटीवर छापलं होतं ‘अज्ञात स्त्री’. कागदावर मराठीत आणि कन्नडमध्ये हाताने लिहिलेलं होतं, ‘ही शेवंता. माझी आई.’

आठवणी लिहिताना मी कुणाचं नाव घेत नाही. हे मात्र घेणार.

“हे विद्रूपीकरण आहे. केस करा,” सचिव म्हणाले.

खबर माळ्याने दिली. मोठ्या घरातली खरी माहिती मालकाला नसते, माळ्याला असते. तो म्हणाला, “दर रविवारी एक अक्का येते, साहेब. तिकीट काढून येते. बाकीच्या खोल्या बघत नाही. त्या चित्रापुढे उभी राहते आणि जाते.”

रविवारी साध्या वेषात एक महिला कॉन्स्टेबल ठेवली. चौथा कागद लावतानाच तिने त्या बाईचं मनगट धरलं. बाई म्हणाली, “हात सोडा. मी पळणाऱ्यातली नाही.”

ठाण्यात माझ्यासमोर पन्नाशीची बाई ताठ बसली होती. राहायला जुन्या हुबळीत, तारिहाळच्या एका कारखान्यात कामाला. मी कन्नडमध्ये सुरुवात केली.

“मराठीत विचारा, साहेब. बाहेर तुमच्या नावाची पाटी वाचली मी.”

“कागद तुम्ही लावले?”

“चारही मीच. फाडलेत तर पाचवा लावीन.”

“ती तुमची आई, कशावरून?”

“लेकीला आई ओळखायला दाखला लागतो होय? अकरा वर्षं राबली ती त्या घरात.”

सचिव शेजारीच होते. “माफीपत्र लिहून द्या, तक्रार मागे घेतो,” ते म्हणाले. मी कोरा कागद पुढे सरकवला. दुपारच्या आत प्रकरण निकालात काढावं असं मलाही वाटत होतं, हे कबूल करतो. तिने कागद परत माझ्याकडे ढकलला.

“माफी कशाची? आईला आई म्हटल्याची? केस घाला. कोर्टात तरी तिचं नाव पुकारतील.”

आरोपी केस टाळायला बघतो. ही केस मागत होती. असा आरोपी मी कधी पाहिला नव्हता. मी सचिवांना म्हणालो, “केस करायची तर रीतसर पंचनामा होईल. चित्र उतरवून पुढून-मागून वर्णन लिहावं लागेल.”

“मागून कशाला?” ते पटकन म्हणाले. पाणी कुठे मुरतंय ते मला तिथेच कळलं.

दोन पंचांसमोर चित्र उतरवलं. तिलाही मी सोबत नेलं होतं. चौकट जुनी, पण पाठीला खाकी कागद नवाकोरा. तो सोडवला. आत कॅनव्हासवर चित्रकाराच्या हातचं अक्षर, खाली सही: ‘शेवंता, आमच्या स्वयंपाकघराच्या पायरीवर.’

“तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

सचिव सोडवलेल्या खाकी कागदाची घडी घालू लागले. “नाव लिहिलं की लोक पुढचं विचारतात. कुठली, कुणातली. नसती चर्चा.”

“मग सांगा ना,” ती म्हणाली. “आम्ही बौद्ध. त्याआधी कोण होतो तेही सांगा. चित्र काढणाऱ्याला लाज नव्हती, तुम्हाला कसली?”

संध्याकाळी वरून फोन आला. बाईकडून माफी घ्या आणि मिटवा. मी म्हणालो, “सर, नाव पंचनाम्यात आलंय. खोडायचं असेल तर लेखी हुकूम द्या.” लेखी हुकूम आला नाही. काही महिन्यांनी बदलीचा आला. तो मी मान वर करून घेतला.

त्याआधी, पंचनाम्याच्याच आठवड्यात, तक्रार मागे घेतली गेली. ट्रस्टने जुनी पाटी काढली, नवी लावली नाही. पुढच्या रविवारी मीही तिकीट काढून गेलो. ती आली. पिशवीत स्टीलची पट्टी होती, कारखान्यातल्या सोबत्यांनी त्यावर शेवंताचं नाव कोरून दिलं होतं. सोबत दोन स्क्रू आणि पेचकस.

“कागद फाटतो,” ती मला म्हणाली, आणि चित्राच्या चौकटीखालच्या लाकडी फळीवर पट्टी धरून पहिला स्क्रू पिळू लागली.

सचिव धावत आले. “परवानगी कुणाची घेतली?”

“झाकताना तुम्ही आमची घेतली होती?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात मागे बांधून चित्रातल्या शेवंताकडे बघत राहिलो. लेकीने दुसरा स्क्रू घट्ट केला.

पोलिसांच्या कागदांत ‘अनोळखी इसम’, ‘अनोळखी महिला’ हे शब्द फार सहज पडतात. रायटरला लिहायला सोपे, अधिकाऱ्याला सही करायला सोपे. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत असा कागद समोर आला की मी आधी रायटरला विचारायचो, “अनोळखी कुणाला? तुला ना? ओळखणारं कुणीतरी असणारच. ऊठ, त्याला शोधून आण. मग सही करतो.”